कॅनडात स्वतःचं असं कार्टून आहे का? जरा लांबच उत्तर देतो

प्रश्न थोडक्यात असा होता: मुलगी बारावी झालीय, हात चांगला आहे, ॲनिमेशन शिकायला कॅनडाला जायचं म्हणून हटून बसलीय. वडलांचं म्हणणं, कार्टून म्हणजे एकतर अमेरिका नाहीतर जपान, कॅनडात काय ठेवलंय, तिथे स्वतःचं काही आहे की नुसती अमेरिकेची पडेल ती कामं करतात?

दादा, मी बावीस वर्षं टूडी ॲनिमेशनमध्ये आहे. गोरेगावच्या एका स्टुडिओत लाइटबॉक्सवर कागद ठेवून इन-बिट्वीन, म्हणजे दोन मुख्य चित्रांमधली हालचालीची चित्रं, काढायला लागलो, मग पाच वर्षं टोरांटोत रिगिंग केलं, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या पात्राला हलवता येतील असे सांधे जोडले, आता पुण्यात शिकवतो. फी आणि व्हिसाचं दुसरं कोणीतरी सांगेलच, मी इतिहासाचं सांगतो, कारण तुमचा प्रश्न खरं तर तोच आहे.

तर माझं मत आधीच सांगून टाकतो. कॅनडाला हिरो कधी धड जमला नाही, हत्यारं जमली. हत्यारं म्हणजे सुताराची असतात तशी, ज्यांनी काम होतं ती. आणि याला कारण शेजारी. दहापट लोकसंख्येचा, तीच भाषा बोलणारा शेजारी दाराशी असला की तुमचा हिरो त्याच्या हिरोसमोर टिकत नाही. सुपरमॅनचंच बघा ना, त्याचा चित्रकार ज्यो शुस्टर 1914 साली टोरांटोत जन्मला, लहानपणी तिथे टोरांटो स्टार हा पेपर विकायचा, आणि सुपरमॅन ज्या पेपरात नोकरी करतो त्याचं पहिलं नावसुद्धा डेली स्टार होतं, डेली प्लॅनेट नंतर झालं. पण शुस्टर दहा-एक वर्षांचा असताना घरचे क्लीव्हलंडला गेले आणि सुपरमॅन अमेरिकन झाला. संपला विषय.

दार बंद झालं तेव्हाची गोष्ट मात्र भारी आहे. डिसेंबर 1940 मध्ये, युद्धाच्या दिवसांत, कॅनडा सरकारने डॉलर वाचवायला अमेरिकेतून येणाऱ्या बिनगरजेच्या मालावर बंदी घातली, त्यात कॉमिक्सची मासिकं पण आली. पेपरातल्या स्ट्रिप्स चालू राहिल्या, पण पोरांच्या हातातलं दहा सेंटचं रंगीत पुस्तक गायब. आणि तीन महिन्यांत, मार्च 1941 मध्ये, व्हँकुव्हरच्या मेपल लीफ आणि टोरांटोच्या अँग्लो-अमेरिकन या दोन प्रकाशकांनी देशी कॉमिक्स बाजारात आणली पण. मागोमाग टोरांटोतच बेल फीचर्स, हे मुळात बोर्ड रंगवण्याच्या धंद्यातले दोन भाऊ. कव्हर रंगीत, आत सगळं काळं-पांढरं, रंगीत छपाई परवडतच नव्हती, म्हणून त्यांना आजही कॅनेडियन व्हाइट्स म्हणतात. किंमत तीच दहा सेंट. 1943 पर्यंत एकट्या बेलचा खप आठवड्याला लाखाच्या वर गेला होता.

यातली सगळ्यात गाजलेली म्हणजे नेल्वाना. ऑगस्ट 1941 मध्ये आली, म्हणजे वंडर वुमनच्या काही महिने आधी, हे कॅनेडियन लोक तुम्हाला कुठल्याही पार्टीत ऐकवतात. काढली एड्रियन डिंगल याने. उत्तर ध्रुवाकडच्या आकाशात जो रंगीत प्रकाश दिसतो त्या प्रकाशाच्या राजाची ही मुलगी, आई साधी माणूस, त्या प्रकाशाच्या किरणावर बसून प्रकाशाच्या वेगाने जाते, नाझींना धूळ चारते, आणि हे सगळं त्या थंडीत मिनीस्कर्टमध्ये. नाव एका खऱ्या इन्युइट, म्हणजे उत्तरेतल्या बर्फाळ भागातल्या मूळ रहिवासी, बाईचं, फ्रँझ जॉन्स्टन नावाचा चित्रकार उत्तरेत जाऊन आला होता त्याच्याकडून ऐकलेलं, पण चेहरा काढला गोरा. हे खटकतं, खटकायलाच हवं. दुसरा जॉनी कनक, लिओ बॅकल नावाच्या सोळा वर्षांच्या शाळकरी पोराने काढलेला, ना उडतो ना काय, नुसता हाताने मारतो, हिटलरला पण मारून आला.

या कॉमिक्सची रिप्रिंट हातात घेऊन बघितली तर चित्रकार म्हणून एक गोष्ट दिसते. रंग नाही त्यामुळे सगळा भार काळ्या शाईवर, बर्फ म्हणजे कोरा कागद, रात्र म्हणजे सपाट काळं, मधे ब्रशच्या सुक्या फटकाऱ्यांनी धुकं. डिंगलची काही पानं खरंच सुंदर आहेत, काही पानं डेडलाईनच्या आदल्या रात्री काढलीत हेही स्वच्छ दिसतं, मला ती जास्त आवडतात.

युद्ध संपलं, दार उघडलं, अमेरिकन रंगीत कॉमिक्स परत आली आणि दोन वर्षांत ही देशी कॉमिक्स जवळजवळ संपली. वर कायद्याचा पण बडगा बसला. 1948 मध्ये ब्रिटिश कोलंबियातल्या डॉसन क्रीकला दोन लहान मुलांनी चोरलेल्या बंदुकीने रस्त्यावरच्या गाडीवर गोळी झाडली, त्यात माणूस गेला, मुलं कॉमिक्स फार वाचायची असं कोर्टात निघालं, आणि कॅमलूप्सचे खासदार डेव्ही फुल्टन यांनी जोर लावून 1949 मध्ये क्राइम कॉमिक छापणं-विकणं गुन्हा करून टाकलं. ते कलम पुस्तकातून निघालं कधी माहितीय? 2018 मध्ये. मी टोरांटोत होतो त्यातली बरीच वर्षं ते कागदावर जिवंत होतं आणि आम्ही रोज स्टुडिओत बसून कार्टून माणसांची डोकी फोडत होतो.

आता मुद्द्याची गोष्ट. कॉमिक्समध्ये हे चाललं होतं तेव्हाच ओटावात सरकारी खर्चाने भलतंच काहीतरी चालू होतं. 1939 मध्ये नॅशनल फिल्म बोर्ड निघालं, आम्ही सगळे एनएफबी म्हणतो, पहिला प्रमुख जॉन ग्रिअर्सन, स्कॉटिश माणूस. त्याने 1941 मध्ये दुसऱ्या एका स्कॉटिश पोराला बोलावून घेतलं, नॉर्मन मॅक्लॅरन. काम काय, तर युद्धाचे बाँड घ्या, पत्रं लवकर टाका, असल्या सरकारी जाहिराती. कॅमेरा नको, सेल म्हणजे चित्रं काढायच्या पारदर्शक शीट नकोत, हा गडी सरळ फिल्मच्या पट्टीवर शाईने चित्रं काढायचा. 35 एमएमची एक फ्रेम टपाल तिकिटापेक्षा लहान, सेकंदाला अशा चोवीस, आणि त्यात टाक जरा हलला तर पडद्यावर हातभर हलतो. एवढंच नाही, फिल्मच्या कडेला आवाजाची जी बारीक पट्टी असते तिच्यावर पण रेघा काढून तो आवाज तयार करायचा, म्हणजे वाद्य नाही, वादक नाही, रेघ जाड की बारीक, जवळ की लांब, त्यावर सूर.

1952 चं त्याचं नेबर्स बघा, आठ मिनिटांचं आहे, फुकट बघायला मिळतं एनएफबीच्या साइटवर. दोन शेजारी, मधे एक फूल उगवतं, फूल कोणाचं यावरून आधी कुंपण, मग मारामारी, मग खून. आपल्याकडे बांधावरून कोर्टात गेलेली घरं ज्यांनी पाहिलीत त्यांना समजवायची गरज नाही. यात चित्रं नाहीतच, जिवंत माणसंच फ्रेम-फ्रेमने हलवलीत, याला पिक्सिलेशन म्हणतात. माणूस हवेत तरंगत जाताना दिसतो तो कसा, तर उडी मारायची, सगळ्यात वर असताना एक फोटो, एक पाऊल पुढे, परत उडी, परत फोटो. मी दरवर्षी पहिल्या सेमिस्टरला पोरांकडून करून घेतो, पार्किंगमध्ये मोबाइल स्टँडवर लावून. पाच सेकंदांच्या तरंगण्याला सेकंदाला बारा धरले तरी साठ उड्या, आणि त्या पण हात-मान जागेवर ठेवून. पंधराव्या उडीला हसणं बंद होतं, चाळिसाव्याला पोरं शिव्या द्यायला लागतात, आणि संध्याकाळी प्लेबॅक बघताना तीच पोरं किंचाळतात. या फिल्मला ऑस्कर मिळालं ते मात्र डॉक्युमेंटरीचं, माणूस उडतोय आणि म्हणे डॉक्युमेंटरी.

आपला धागा पण इथेच लागतो. 1957 ची अ चेअरी टेल, एक खुर्ची बसूनच देत नाही एवढीच गोष्ट, तिला संगीत रविशंकरांचं, तबल्यावर चतुरलाल. खुर्ची रुसते तेव्हाची सतार ऐकाच. आणि इशू पटेल, बडोद्याला शिकलेले, मग अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन संस्थेत, तिथून 1970 च्या सुमारास एनएफबीत, जी तोवर माँट्रियलला गेली होती. त्यांची बीड गेम 1977 ची. हजारो छोटे मणी कॅमेऱ्याखाली हाताने सरकवत केलेली फिल्म, कल्पना सुचली इन्युइट बायकांच्या मणीकामावरून. एका जिवातून दुसरा जीव, तो तिसऱ्याला गिळतो, शेवटी माणूस आणि त्याची शस्त्रं. त्या वर्षी ॲनिमेटेड शॉर्टच्या ऑस्करला चार नामांकनं होती, त्यातली दोन एनएफबीची, एक बीड गेम आणि दुसरी को हुडमनची द सँड कॅसल, वाळूची, ती जिंकली. एक मणी, एक वाळू. तिथेच कॅरोलिन लीफ काचेवर ओला रंग बोटाने सरकवून फिल्म करत होती, जाक द्रुएँ दोन लाख चाळीस हजार टाचण्यांच्या बोर्डावर, टाचणी आतबाहेर केली की सावली बदलते आणि त्या सावल्यांचं चित्र. असे धंदे खाजगी स्टुडिओत कोण करू देईल हो? सरकारी पगार होता, शेजाऱ्याशी स्पर्धा नव्हती, म्हणून झालं.

पण हे सगळं गोडच होतं असंही नाही. रायन लार्किन नावाचा मॅक्लॅरनच्या हाताखालचा पोरगा, 1968 मध्ये वॉकिंग केली, नुसती माणसं चालतात, ऑस्कर नामांकन. आजही वॉक सायकल, म्हणजे परत परत फिरणारी चालण्याची पावलं, शिकवताना मी ती दाखवतो. पुढे त्याचं काम थांबलं, कोकेन आणि दारू आली, शेवटी माँट्रियलच्या रस्त्यावर भीक मागायचा. 2004 मध्ये क्रिस लँड्रेथने त्याच्यावरच रायन ही कॉम्प्युटर ॲनिमेशनची फिल्म केली, मुलाखत खरी, आवाज खरा, पण माणसांचे चेहरे अर्धे उडालेले, कवटीतून काहीबाही बाहेर आलेलं. तिला ऑस्कर मिळालं. लार्किन 2007 मध्ये गेला. मुलीला ही दाखवा, आणि तुम्ही पण शेजारी बसून बघा.

आता हत्यारांचं. 1960 चं दशक संपत असताना ओटावाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये नेस्टर बर्टनिक आणि मार्सेली वाइन या दोघांनी कॉम्प्युटरला असं शिकवलं की चित्रकाराने पहिलं आणि शेवटचं चित्र द्यायचं, मधली मशीन काढेल. एनएफबीने पीटर फोल्डेसला ते वापरायला बसवलं आणि 1974 मध्ये हंगर ही फिल्म आली, एक माणूस खात सुटतो आणि फुगत जातो, रेघ नुसती वितळत असते. तिलाही ऑस्कर नामांकन, आणि त्या दोघांना 1997 मध्ये तांत्रिक ऑस्कर. मला हे कळलं टोरांटोत, एका जुन्या सहकाऱ्याकडून, आणि मी दोन मिनिटं गप्पच. गोरेगावला ज्या इन-बिट्वीनवर मी माझं पहिलं पोट भरलं ते काम माझ्या जन्माआधीच ओटावात मशीनला शिकवून झालेलं होतं.

तिथून पुढे ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअर कंपन्यांची रांगच लागली. टोरांटोत 1983 मध्ये एलियस, ज्यांनी पुढे माया हे थ्रीडीचं सॉफ्टवेअर काढलं. माँट्रियलला 1986 मध्ये डॅनिएल लांग्लोआचं सॉफ्टइमेज, ज्युरासिक पार्कचे डायनासोर हलले ते त्यावर. टोरांटोतच 1987 मध्ये साइड इफेक्ट्स, त्यांचं हूडिनी, आजही सिनेमात पाणी, आग, धूर दिसला की बहुतेक तेच असतं. माँट्रियलला 1994 मध्ये टून बूम, त्यांचं टूडीचं हार्मनी मी रोज उघडतो. म्हणजे मुंबई-पुणे-हैदराबादला जो कोणी माया किंवा हार्मनी उघडून बसलाय तो कॅनडाच्या हत्यारानेच काम करतोय, त्याला माहीत नसतं एवढंच. हार्मनीत अवयव ज्याला जोडतो त्याला अजून पेग म्हणतात, म्हणजे कागद अडकवायची ती खुंटी. खुंटी गेली, नाव राहिलं.

आणि नेल्वानाचं काय झालं? ही गोष्ट मला सगळ्यात आवडते. 1971 मध्ये मायकल हर्श आणि पॅट्रिक लूबर्ट या दोन पोरांनी बेल फीचर्सचा धूळ खात पडलेला साठा विकत घेतला, त्यावर पुस्तक काढलं, आणि त्याच वर्षी क्लाइव्ह स्मिथला घेऊन टोरांटोत ॲनिमेशन कंपनी काढली. नाव ठेवलं नेल्वाना. 1978 च्या स्टार वॉर्सच्या टीव्ही स्पेशलमधला ॲनिमेटेड तुकडा त्यांचा, बोबा फेट हे स्टार वॉर्समधलं गाजलेलं पात्र पडद्यावर पहिल्यांदा त्यातच दिसलं. मग हिंमत करून स्वतःचा मोठा सिनेमा काढला, 1983 चा रॉक अँड रूल, आणि कंपनी बुडता बुडता वाचली. वाचवलं कोणी, तर केअर बेअर्सनी, म्हणजे ग्रीटिंग कार्डवरच्या अस्वलांनी. म्हटलं ना, हिरो जमत नाही. पुढे बाबर, फ्रँकलिन, मॅजिक स्कूल बस या मुलांच्या मालिका. आणि तुमची मुलगी लहान असताना गल्लीतली पोरं ज्यावरून परातीत भोवरे आपटायची ते बेब्लेड, मूळ जपानी, पण इंग्रजीत आणलं नेल्वानानेच, आवाज टोरांटोतले. म्हणजे 1941 च्या त्या मिनीस्कर्टवालीचं नाव फिरत फिरत आपल्या गल्लीपर्यंत आलं होतं.

टीव्हीचं एकूण तुमचं म्हणणं अर्धं बरोबर आहे, अमेरिकेची कामं करतात, भरपूर करतात. कारण पैसा. 1995 पासून देशी निर्मितीसाठी आणि 1997 पासून परदेशी कामांसाठीही केंद्राची टॅक्स क्रेडिट योजना आहे, कॅनेडियन माणसांच्या पगारातला काही भाग सरकार परत देतं, शिवाय प्रांतांच्या वेगळ्या योजना. मला दर प्रोजेक्टला अकाउंट्सवाली फॉर्म द्यायची, मागच्या 31 डिसेंबरला तू ओंटारिओत राहत होतास का, पुरावा आण. आधी वाटायचं काय कटकट, मग कळलं की माझ्या पत्त्यावरच माझा पगार स्वस्त पडतोय. यात लबाड्याही झाल्या, माँट्रियलच्या सिनार कंपनीने अमेरिकन लेखकांच्या स्क्रिप्टवर कॅनेडियन नावं टाकून सवलती घेतल्याचं 1999 च्या सुमारास बाहेर आलं आणि मोठी कंपनी कोसळली. पण स्वतःचंही झालं, व्हँकुव्हरला योजनेच्या आधीच 1994 मध्ये रीबूट, अर्ध्या तासाची पहिली पूर्ण कॉम्प्युटरवरची मालिका, पुढे तिथेच एड, एड्ड एन एडी, टोरांटोत टोटल ड्रामा आणि पॉ पट्रोल. रिक अँड मॉर्टी अमेरिकन वाटतं ना, त्याचं हलणं बरीच वर्षं व्हँकुव्हरला होत होतं.

कॉमिक्सचं थोडक्यात सांगतो, माझा धंदा नाही तो. दार पुन्हा बंद होणार नाही हे कळल्यावर तिथल्या लोकांनी हिरोचा नादच सोडला, असं मला वाटतं. कॅप्टन कनक आला 1975 मध्ये, विनिपेगहून, छातीवर मेपलचं पान, पोस्टाच्या तिकिटावर पण झळकला, पण काही पेटला नाही. पेटले ते वेगळेच लोक. किचनरचा डेव्ह सिम 1977 ते 2004 स्वतःच्या खर्चाने सेरेबस काढत बसला, तीनशे अंक, हिरो म्हणजे एक कीटकखाऊ जनावर (बायकांबद्दलची मतं पुढे इतकी विचित्र झाली की वाचक पळाले, तो भाग वेगळा). माँट्रियलचं ड्रॉन अँड क्वार्टर्ली हे कॉमिक्सचं प्रकाशन 1990 पासून. तिथूनच आलेली ज्युली डुसे, जिला 2022 मध्ये फ्रान्सच्या अंगुलेम कॉमिक्स महोत्सवाचा सर्वात मोठा मान मिळाला. लिन जॉन्स्टनची पेपरातली स्ट्रिप, जिच्यातली पोरं वाचकांच्या पोरांसोबत खरोखर वर्षागणिक मोठी झाली.

दोन पुस्तकं मात्र घ्याच. एक गी डलीलचं प्योंगयांग. हा क्यूबेकचा ॲनिमेटर, फ्रेंच कंपनीचं काम उत्तर कोरियात करून घ्यायला गेला तेव्हाचं. आउटसोर्सिंग टेबलाच्या पलीकडून कसं दिसतं ते त्यात आहे. मी टेबलाच्या अलीकडे होतो, रात्री दोनला रिटेकची यादी यायची, सीन 114 हात परत, सीन 115 हात परत, त्यामुळे वाचताना कोरियन पोरांचीच बाजू घेत होतो. दुसरं केट बीटनचं डक्स, 2022 चं. केप ब्रेटनची मुलगी, आर्ट्स शिकली, एज्युकेशन लोन फेडायला अल्बर्टाच्या तेलाच्या खाणींवर नोकरीला गेली, तिथे हजारो पुरुषांत एकटी-दुकटी बाई म्हणून काय भोगलं ते तिने स्वतः काढलंय. तुम्ही लोन काढणार असाल तर दोघांनी मिळून वाचा.

बाकी शेरिडन वगैरे तिथल्या ॲनिमेशन कॉलेजांना पोर्टफोलिओत जपानी ॲनिमेची कॉपी चालत नाही. हात, बसलेली-वाकलेली माणसं, खोलीचा कोपरा, सगळं समोर बघून काढलेलं हवं असतं. पावसाचे दोन महिने आहेत, मुलीला रोज अर्धा तास एसटी स्टँडवर बसवा वही घेऊन. आणि ते उड्यांचं पिक्सिलेशन या रविवारी गच्चीवर कराच, फोटो तुम्ही काढा. पाच सेकंद झाले की फाइल पाठवा, बघून सांगतो.